कागदावरचे बळ आणि मैदानातले बळ



रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याचे गाव. वऱ्हाडच्या इतिहासात त्याचे नाव दोन लढायांमुळे राहिले आहे. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला आणि थेट बुऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला. पुढे १५९०-९१ च्या सुमारास अहमदनगरचा राजपुत्र बुऱ्हाण हा खानदेशच्या राजा अली खानाला बरोबर घेऊन जमालखानावर चालून आला. जमालखानाच्या बाजूचे काही लोक ऐन वेळी बुऱ्हाणाला मिळाले आणि जमालखान रणात पडला. हजेरीपटावर मांडलेले सैन्य वेगळे आणि प्रसंगी उभे राहणारे सैन्य वेगळे, हा या मातीतला जुना धडा आहे.

आजचा विषय मात्र घोडदळाचा नाही. संगणकातील ग्राफिक्स कार्डाचा आहे. या कार्डांची तुलना कशी होत आली आणि त्या तुलनेत माणसे कोठे फसली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. हलते चित्र नितळ दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावयाचे. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या निष्णात कारागिरासारखा असतो. अवघड काम तो चटकन करतो, पण त्याचे हात मोजके. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कपाशीच्या शेतात ओळीने उभ्या राहिलेल्या वेचणाऱ्या बाया. प्रत्येकीचे काम साधे. पण हजारो हात एकाच वेळी चालतात आणि शेत बघता बघता उरकते.

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि खेळांतील घनचित्रांना घराघरांत वेग मिळाला. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने आपल्या जीफोर्स २५६ या चिपेला ‘जीपीयू’ म्हणून मिरविले आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. २००६ साली एएमडीने कॅनडातील एटीआय ही कंपनी विकत घेतली. बाजारात मुख्य स्पर्धक दोन उरले, आणि त्यांच्यातील चढाओढीतूनच तुलनेचे शास्त्र वाढीस लागले.

तुलनेचा सोपा मार्ग म्हणजे डब्यावर छापलेले आकडे पाहणे: कोर किती, घड्याळाचा वेग किती, मेमरी किती, वीज किती खाते. परंतु एका कंपनीचा कोर आणि दुसरीचा कोर ही एकाच मापाची पायली नव्हे. नुसती कोरांची संख्या ताडून पाहणे म्हणजे जनावर न बघता दावणीच्या खुंट्या मोजणे होय. मेमरीचेही तसेच. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९७० या कार्डावर ४ गिगाबाइट मेमरी जाहीर झाली होती. जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले की, त्यातील साडेतीन गिगाबाइटच पूर्ण वेगाने चालते. उरलेला अर्धा भाग फार मंद आहे. आकडा खोटा नव्हता, मेमरी चारच होती. पण सांगितलेले खरे असूनही गिऱ्हाईक अर्धवट अंधारात राहिले. अमेरिकेत दावा उभा राहिला आणि २०१६ साली खरेदीदारांना कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली.

मग लोक म्हणाले, आकडे नकोत, प्रत्यक्ष पळवून पाहा. कसोट्या निघाल्या. पण परीक्षा आली की कॉपीही येते! २००१ साली एटीआयच्या एका कार्डाचा चालक-प्रोग्राम ‘क्वेक’ या खेळाचे नाव ओळखून चित्राचा दर्जा गुपचूप उतरवीत असे आणि वेग वाढवीत असे. परीक्षकांनी खेळाचे नाव बदलून ‘क्वॅक’ केले, तेव्हा वेग घटला आणि चित्र सुधारले. २००३ साली थ्रीडीमार्क ही कसोटी काढणाऱ्या फ्यूचरमार्कने दाखविले की, कॅमेरा कोणत्या वाटेने जाणार हे ठाऊक असल्याचा फायदा एनव्हिडियाचा प्रोग्राम घेत होता आणि न दिसणारा भाग रेखाटण्याचे टाळत होता. दोन्ही पक्षांनी जे केले ते पाहता एवढेच म्हणावयाचे की, माप जाहीर झाले की विकणारा मापासाठीच माल घडवू लागतो.

आता आपल्या प्रांताकडे वळू. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडून मोठे काम उरकण्याचे तेच तत्त्व तेथे होते. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातील टाटांचा ‘एका’ हा संगणक जगाच्या यादीत चौथा आला. त्याचे कागदावरचे बळ सुमारे १७१ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १७१ लक्ष कोटी गणिते. लिनपॅक कसोटीत उतरले सुमारे ११८. शेकडा ६९. यादीचा क्रम लागला तो या दुसऱ्या आकड्यावर, आणि हेच योग्य.

२०२० साली पुण्यातच परम सिद्धी-एआय उभा राहिला. त्यात ए-१०० जातीची ३३६ जीपीयू आहेत. त्याचे बळ किती? कागदावर सुमारे ५.२७ पेटाफ्लॉप, लिनपॅकवर सुमारे ४.६, आणि ‘एआय’ मापाने २१०! एकाच यंत्राचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. २१० हा आकडा कोठून आला? एका चिपेचे आखूड, म्हणजे १६ बिटांच्या संख्यांवरचे बळ ६२४ टेराफ्लॉप धरले, त्याला ३३६ ने गुणले. त्यातही कोष्टकातील निम्म्या जागा ठराविक रीतीने शून्य असतील आणि त्या वगळता येतील, असे गृहीत आहे. ते गृहीतक काढले की २१० चे १०५ होतात. हवामानाच्या गणिताला लांब संख्या लागतात; तेथे पहिले दोन आकडे पाहावे. भाषा शिकणाऱ्या यंत्राला आखूड संख्या चालतात; तेथे तिसरा. म्हणून तुलना यंत्राची नसते, यंत्र आणि काम या जोडीची असते.

हा वाद केवळ खेळाडू पोरांचा नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडिया एआय मिशनसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले आणि दहा हजारांहून अधिक जीपीयूंचे उद्दिष्ट ठेवले. पैसा आपला आहे. तेव्हा कार्डे किती घेतली, एवढ्यावर नागरिकाने समाधान मानू नये. ती कोणत्या कामी लागली, दिवसातील किती तास खरोखर चालली, मराठीसारख्या भाषेचे कोणते काम त्यांतून निघाले, हे विचारले पाहिजे. आणि मुलाच्या अभ्यासासाठी लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणणाऱ्या बापानेही हेच तीन प्रश्न घेऊन जावे: काम कोणते, त्या कामात हे कार्ड कितपत चालते, आणि तो निकाल विकणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणी तपासला आहे काय? उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच ठेवावे.