साथरोग कायदा, १८९७ : न लिहिलेले पाचवे कलम

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कलमे अवघी चार. पहिले नावाचे. दुसऱ्याने सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याची मुभा. तिसऱ्याने ते मोडणाऱ्यास शिक्षा. चौथ्याने सद्‍भावनेने काम करणाऱ्याविरुद्ध दाव्यास मनाई. ज्याच्या घरात पथक शिरणार, त्याची तक्रार ऐकणारे पाचवे कलम नव्हते.

पुण्यातील रँडचे प्रकरण आपले विद्यार्थी जाणतात, मदनपुऱ्याचे क्वचितच. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतील या विणकरांच्या मोहल्ल्यात प्लेगचे पथक एका आजारी मुलीला तपासायला गेले. परपुरुषाने तिला हात लावू नये, असा घरच्यांचा आग्रह. त्यातून दंगल पेटली, पोलिसांनी गोळीबार केला. याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. कारण त्याच काळात त्याच शहरात आगाखानांनी हाफकिन यांची लस सर्वांदेखत टोचून घेतली आणि हजारो खोजा स्त्रीपुरुष आपणहून पुढे आले. त्यांच्यावर कोणत्याही कलमाची सक्ती नव्हती.

पुढे सरकारनेच सक्ती सैल केली. कायदा मात्र तसाच राहिला. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा देणारी. ती हवीच होती. पण रोग्याची तक्रार ऐकणारे कलम तेव्हाही आले नाही.