अनाम संपादक, खुली संहिता आणि न्यायालय : दिल्लीतील विकिपीडिया-वादाचा इतिहास व मराठी कोशपरंपरा

१. प्रास्ताविक

ज्ञानकोश या ग्रंथप्रकाराचा इतिहास सामान्यतः त्याच्या संपादकांच्या नावाने सांगितला जातो. दिदरो, केतकर, तर्कतीर्थ ही नावे घेतली की त्यांमागची योजना, काळ आणि दृष्टी यांचा बोध होतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र असा एक कोश उभा राहिला की ज्याला या अर्थाने संपादकच नाही. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेला आणि १ मे २००३ पासून मराठीत अवतरलेला विकिपीडिया हा असंख्य स्वयंसेवकांच्या लेखनातून घडतो. त्यांतील बहुतेक जण टोपणनावाने लिहितात, एकमेकांचे लेखन पुसतात, पुन्हा लिहितात आणि त्यावर वाद घालतात. २०२४-२५ या काळात दिल्ली उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात या वादपद्धतीचीच एका अर्थाने परीक्षा झाली. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा विचार संहिता, कर्तृत्व आणि उत्तरदायित्व या तीन संकल्पनांच्या आधारे केला असून त्यासाठी मराठीतील पूर्वपरंपरेची पार्श्वभूमी घेतली आहे.

२. मराठी पूर्वपरंपरा : पाठभेद, शुद्धी आणि स्वाक्षरी

अनेकांनी मिळून एक संहिता सिद्ध करणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा त्यांच्या अनुयायांकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर ती स्मरणातून पुन्हा बांधण्यात आली. तेव्हा ज्या ठिकाणी आठवणी जुळल्या नाहीत, तेथे निरनिराळ्या व्यक्तींच्या 'वासना' म्हणून ते भेद नोंदले गेले. मतभेद मिटवता येत नसेल तर तो कोणाचा आहे हे सांगून जपावा, असा हा दंडक होय.

याउलट दृष्टी एकनाथांच्या ज्ञानेश्वरी-शुद्धीत दिसते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, नाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये असे पुढच्यांना बजावले. एका परंपरेने भेद राखले, तर दुसरीने संहितेचे दार बंद केले. दोहोंच्या मुळाशी एकच चिंता आहे, ती म्हणजे ज्या ग्रंथावर समाज विसंबतो, त्यात कोणीही काहीही मिसळू नये ही.

आधुनिक काळात ही चिंता संस्थेच्या रूपाने प्रकट झाली. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन आल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी भागभांडवलाची मर्यादित कंपनी स्थापली. पाच प्रस्तावनाखंड धरून हा कोश २३ खंडांचा झाला. त्यात अनेकांचा हात असला तरी वाचकाच्या लेखी तो 'केतकरांचा' कोश होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाच्या आश्रयाने वाई येथे सुरू झालेल्या मराठी विश्वकोशात वेगळी व्यवस्था आली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदीखाली लेखकाचे नाव छापले जाते. नोंद चुकली तर कोणाला विचारावे, याचे उत्तर पानावरच असते. केतकरांचा कोश एका नावाच्या आधारावर उभा होता. विश्वकोश अनेक नावांच्या आणि शासकीय मंडळाच्या आधारावर उभा आहे. विकिपीडियाने नेमका हाच आधार काढून घेतला.

३. नावाऐवजी कार्यपद्धती

स्वाक्षरीची जागा विकिपीडियात तीन गोष्टींनी घेतली. पहिली म्हणजे पडताळणी. लेखातील विधान लेखकाच्या ज्ञानावर उभे राहत नाही, ते आधी प्रकाशित झालेल्या विश्वसनीय संदर्भावर उभे राहावे लागते. दुसरी, तटस्थ दृष्टिकोन. वादग्रस्त बाबतीत कोण काय म्हणते हे नोंदवायचे. स्वतः निवाडा द्यायचा नाही. महानुभावांच्या 'वासने'शी याचे नाते सहज लक्षात येते. तिसरी, इतिहास. प्रत्येक पानाची प्रत्येक आवृत्ती जतन होते. मुद्रित ग्रंथात पाठभेद शोधण्यासाठी संशोधकाला पोथ्या धुंडाळाव्या लागतात. येथे संहिता आपली पाठचिकित्सा स्वतःबरोबर वागवते.

या पद्धतीला अनुसरून वाद मिटवण्याच्या पायऱ्या हळूहळू घडत गेल्या. प्रत्येक लेखाला जोडून चर्चापान असते. दोन संपादक एकमेकांचे लेखन परतवीत राहिले तर इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा तसे करण्यास मनाई आहे. प्रश्न तेथे न सुटल्यास तो व्यापक मतमागणीकडे आणि अखेरीस संपादकांनी निवडलेल्या लवाद समितीकडे जातो. ही समिती वर्तनाविषयी निर्णय देते. लेखात काय असावे हे ती ठरवत नाही. ज्या विषयांवर वाद पेटतात, ते विशेष नियमांखाली येतात. भारत, पाकिस्तान व अफगाणिस्तान यांच्याशी संबंधित विषय त्यांत मोडतात. अशा काही लेखांत ज्याचे खाते तीस दिवसांचे जुने आहे आणि ज्याने पाचशे संपादने केली आहेत, त्यालाच बदल करता येतो. येथे अधिकार पदवीने मिळत नाही, केलेल्या कामाच्या नोंदीने मिळतो.

मराठी विकिपीडियाने ही यंत्रणा स्वीकारताना जे शब्द योजले, ते तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. सर्वसाधारण चर्चेच्या जागेला तेथे 'चावडी' म्हणतात, मत घेण्याला 'कौल' आणि सरावाच्या पानाला 'धूळपाटी'. व्यवस्था पाहणारे 'प्रचालक' असतात. चावडी हा शब्द पाटील-कुलकर्णी आणि गावकरी यांच्या बैठकीची आठवण घेऊन येतो. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे जात. निवाड्याचा महजर होई आणि त्यावर उपस्थितांच्या निशाण्या उमटत. पाटलाचा नांगर त्यांतलाच. निशाणी ही अक्षरशत्रू माणसाची सही होती, पण ती पाहताच माणूस ओळखू येई. विकिपीडियावरचे टोपणनाव हीदेखील निशाणीच आहे. तिच्यामागचा मनुष्य मात्र गोताला ठाऊक नसतो. ठाऊक असते ते त्याचे आजवरचे लेखन. दिल्लीत पुढे जो प्रश्न उपस्थित झाला, त्याचे बीज या फरकात आहे.

४. दिल्लीतील घटनाक्रम

राजधानीशी विकिपीडियाचे संबंध २०२० पासून ताणले जाऊ लागले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ईशान्य दिल्लीत झालेल्या दंगलींवरील इंग्रजी लेख दीर्घ वादाचा विषय ठरला. कोणत्या वृत्तपत्राला विश्वसनीय मानावे आणि मृतांचा उल्लेख कोणत्या क्रमाने करावा, यांसारख्या प्रश्नांवर चर्चापाने भरून गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषकातील भारत-पाकिस्तान सामन्यानंतर अर्शदीप सिंग या क्रिकेटपटूच्या लेखात त्याचा संबंध खलिस्तानशी जोडणारे बदल करण्यात आले. स्वयंसेवकांनी ते थोड्याच वेळात काढून टाकले. तरीही केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने विकिपीडियाच्या प्रतिनिधींकडे स्पष्टीकरण मागितले. खोडसाळपणा किती लवकर दुरुस्त झाला, हे संपादकांच्या दृष्टीने यंत्रणेचे यश होते. शासनाच्या दृष्टीने तो मुळात घडलाच कसा, हा प्रश्न होता.

या दोन दृष्टींची खरी गाठ पडली ती जुलै २०२४ मध्ये. एशियन न्यूज इंटरनॅशनल (एएनआय) या वृत्तसंस्थेने आपल्यावरील इंग्रजी लेखातील टीकापर विधाने बदनामीकारक असल्याचे सांगून विकिमीडिया प्रतिष्ठानावर दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा दाखल केला. लेख संरक्षित असल्यामुळे आपल्याला त्यात दुरुस्ती करता येत नाही, हीही वृत्तसंस्थेची तक्रार होती. प्रतिष्ठानाची भूमिका अशी की ते केवळ मध्यस्थ आहे. लेखन स्वयंसेवकांचे आहे. मग लेखन ज्यांचे, ते कोण, हा प्रश्न ओघानेच आला. २० ऑगस्ट २०२४ रोजी न्या. नवीन चावला यांनी संबंधित तीन संपादकांचा तपशील देण्याचा आदेश दिला. त्याचे पालन न झाल्याने ५ सप्टेंबर रोजी अवमानाची नोटीस निघाली आणि भारतात विकिपीडिया बंद करण्यास शासनाला सांगण्याचा इशाराही न्यायालयाने दिला.

यानंतर वादाला एक अनपेक्षित वळण मिळाले. या खटल्यावरच इंग्रजी विकिपीडियावर लेख तयार झाला आणि त्यात न्यायाधीशांच्या इशाऱ्याचीही नोंद झाली. मुख्य न्यायमूर्ती मनमोहन व न्या. तुषार राव गेडेला यांच्या खंडपीठाने त्यास आक्षेप घेतला. १६ ऑक्टोबर रोजी तो लेख व त्याची चर्चा हटवण्याचा आदेश झाला आणि काही दिवसांतच ते पान वाचकांसाठी बंद झाले. ११ नोव्हेंबर रोजी तीन संपादकांबाबत सहमतीचा मार्ग निघाला. प्रतिष्ठानाने त्यांना समन्स पोहोचवावे आणि त्यांचा तपशील न्यायालयाला सीलबंद लिफाफ्यात द्यावा, असे ठरले. टोपणनाव पूर्ण राहिले नाही आणि पूर्ण गळूनही पडले नाही.

२ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुब्रमण्यम प्रसाद यांनी वृत्तसंस्थेवरील लेखातील बदनामीकारक मजकूर काढण्याचा आदेश दिला. ज्या संदर्भांवर ती विधाने उभी होती, ते संपादकीय व मतप्रदर्शक स्वरूपाचे लेखन आहे. ज्ञानकोश म्हणवणाऱ्या माध्यमाने अधिक काळजी घ्यायला हवी, असा त्यांचा सूर होता. १७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश फार व्यापक ठरवून रद्द केला आणि वृत्तसंस्थेला विशिष्ट विधानांबाबत नव्याने अर्ज करण्याची मुभा दिली. ९ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने खटल्यावरील पान हटवण्याचा आदेशही रद्द केला. न्यायालय ही खुली सार्वजनिक संस्था असल्याने तिच्यापुढील प्रकरणांवर चर्चा व टीका होण्यास वाव राहिला पाहिजे, असे त्या निर्णयाचे सार आहे.

५. मीमांसा

या प्रकरणात दोन वादपद्धती समोरासमोर आल्या. न्यायालयाला पक्षकार लागतो, म्हणजे नाव-गाव असलेली व्यक्ती. चावडीला संदर्भ लागतो. तो कोणी आणला याला तेथे गौण स्थान आहे. विश्वकोशातील नोंदीखालची सही दोन्ही गरजा भागवत होती. विकिपीडियाने सही काढली तेव्हा सामान्य लेखकाला निर्भयपणे लिहिण्याची सोय झाली, पण ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याच्या हाती जाब विचारण्याचे साधन उरले नाही. एप्रिलमधील आदेशामागची चिंता म्हणूनच पोकळ नाही. 'कोणीतरी असे म्हटले आहे' असे नोंदवणे दिसायला तटस्थ असते. परंतु असंख्य मतांमधून कोणते निवडावे, ते लेखाच्या आरंभी ठेवावे की शेवटी, हा निवाडाच असतो. 'वासना' नोंदवणाऱ्या महानुभावांनी ती कोणाची हे सांगितले. विकिपीडिया ती कोणाची हे सांगतो, पण कोणी निवडली हे सांगत नाही.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. १७५९ मध्ये फ्रान्सच्या राजसत्तेने दिदरोच्या विश्वकोशाचा प्रकाशन-परवाना रद्द केला. उरलेले मजकुराचे दहा खंड १७६५ मध्ये खोट्या प्रकाशनस्थळासह बाहेर पडले. त्याहून मोठी हानी घरातूनच झाली. मुद्रक ल ब्रेतों याने शिक्षेच्या भीतीने अनेक लेखांना गुपचूप कात्री लावली होती आणि दिदरोला ते उशिरा कळले. बंदी दिसते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते. भीतीने केलेली काटछाट दिसत नाही. आपले नाव उद्या न्यायालयात जाईल असे वाटल्यास स्वयंसेवक वाद घालणार नाही, तो तो विषयच सोडून देईल. असा सोडलेला विषय पानाच्या इतिहासात नोंदला जात नाही.

ही शंका केवळ इंग्रजीपुरती वा दिल्लीपुरती मर्यादित नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया प्रतिष्ठानाला नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हाही दाखल झाला. संभाजीचरित्राचा प्रश्न मराठी इतिहासलेखनाला नवा नाही. बखरींनी रंगवलेली प्रतिमा वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी समकालीन कागदपत्रांच्या बळावर तपासली आणि बदलली. ते कार्य पुराव्याने पुराव्याला उत्तर देऊन झाले. नव्या कोशात हे उत्तर देण्याची जागा चर्चापान ही आहे. तेथे मराठी साधने जाणणाऱ्यांची उपस्थिती विरळ असेल, तर बखरीतला मजकूर संशोधनाच्या बरोबरीने मांडला जाणार.

६. समारोप

दिल्लीतील खटल्याने अनाम लेखनाचा प्रश्न निकाली काढला नाही. मात्र त्याच्या सीमा दाखवून दिल्या. सर्वोच्च न्यायालयाचे दोन्ही निर्णय एकत्र वाचल्यास असे दिसते की विशिष्ट विधानाविषयी दाद मागण्याचा हक्क अबाधित आहे, आणि घडलेल्या वादाची नोंद ठेवण्याचा हक्कही अबाधित आहे. मराठी परंपरेच्या भाषेत सांगायचे तर नाथांची शुद्धी आणि महानुभावांची वासना या दोहोंना एकाच संहितेत नांदावे लागणार आहे. केतकरांच्या काळी कोशाचे यश वर्गणीदारांवर आणि भागधारकांवर अवलंबून होते. विश्वकोशाचे शासनाच्या पाठबळावर. विकिपीडियाचे यश चावडीवर कोण येऊन बसते यावर अवलंबून आहे. ज्यांना साधने वाचता येतात ते तेथे आले नाहीत, तर गोत अपुरे राहील आणि त्याचा महजर एकतर्फी होईल. मग प्रत्येक तंटा दिल्लीच्या दरबारी नेण्यावाचून गत्यंतर उरणार नाही.