एडी बर्निस जॉन्सन : एका परिचारिकेची राजकीय कारकीर्द

चरित्रांत ‘प्रथम’ हें विशेषण आढळलें कीं, कशांत प्रथम व केव्हां, हें विचारल्यावांचून संशोधकानें पुढें जाऊं नये, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेंतील एडी बर्निस जॉन्सन यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

टेक्सास राज्यांतील वेको हें त्यांचें जन्मस्थान. तेथें शिक्षणांत वर्णभेद असल्यामुळें परिचर्येचा अभ्यास त्यांनीं दूर इंडियाना राज्यांत १९५६ सालीं पुरा केला. डॅलस येथील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत नेमणूक झाली. परंतु त्या कृष्णवर्णीय आहेत असें कळतांच त्यांस ठरलेलें निवासस्थान नाकारण्यांत आलें. त्याच रुग्णालयांत पुढें त्या मनोरुग्णविभागाच्या मुख्य परिचारिका झाल्या.

१९७२ सालीं त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. डॅलसमधून लोकनियुक्त पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. १९७७ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं त्यांस आरोग्य, शिक्षण व लोककल्याण खात्याचें प्रादेशिक संचालकपद दिलें. १९८६ सालीं त्या राज्याच्या सेनेटवर व १९९२ सालीं राष्ट्रीय प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. राष्ट्रीय विधिमंडळांतील त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका. तेथें ३० वर्षें काढून जानेवारी २०२३ मध्यें त्या निवृत्त झाल्या. ३१ डिसेंबर २०२३ रोजीं निधन पावल्या.

तात्पर्य, ‘प्रथम’ हा शब्द व्यक्तीच्या कर्तृत्वाइतकाच, दार तोंवर बंद होतें याचाहि पुरावा असतो. म्हणून संग्राहकांनीं मानपत्राशेजारीं नकाराची नोंदहि जपून ठेवावी; एकीवांचून दुसरीचा अर्थ लागत नाहीं.