लाटेवरचं वज्रासन

इंग्रजीत ‘सर्फ’ हा शब्द १६८०च्या दशकात अवतरतो तो हिंदुस्थानच्या किनाऱ्याचं वर्णन करताना, ही कोशातली नोंद वाचली आणि मला राहवेना. मी सुरतेजवळच्या कामरेजचा. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरवर्णनातलं कम्मोनी म्हणजे आमचं गाव, असं काही अभ्यासक मानतात. इंग्रजांचं ‘हेक्टर’ जहाज १६०८मध्ये आलं तेही सुरतेलाच. तेव्हा या शब्दावर पहिला हक्क सुरतेचा असायला हवा.

तो तसा नाही, आणि कारण साधं आहे. सुरतेच्या सुवाली बंदरात जहाजं वाळूच्या दांड्याआड, निवांत पाण्यात उभी राहत. खंभातच्या आखातात खलाशाचा जीव टांगणीला लागतो तो भरती-ओहोटीमुळे. फुटत्या लाटेसाठी खास शब्दाची निकड होती मद्रासेत. तिथे इंग्रजांनी १६३९-४०मध्ये ठाणं वसवलं, पण बंदर नव्हतंच. जहाज दूर नांगरायचं आणि माणसं, माल, सगळं लाटांच्या रांगांमधून मसुला नावाच्या स्थानिक होड्यांनी किनाऱ्याला लावायचं.

त्याच लाटांत कट्टुमरमवाले होते. बांधलेले ओंडके, बस्स. त्यावर गुडघे टेकून, टाचांवर बूड ठेवून ते वल्हं मारत. जहाजावरची पत्रं पाणी न शिरणाऱ्या निमुळत्या टोपीत घालून नेत. लाटेनं उडवलं तर पोहत परत येत, ओंडक्यावर चढत, पुन्हा तसेच बसत. ‘कॅटामरान’ हा शब्द इंग्रज दर्यावर्दी डॅम्पियरच्या १६९७च्या प्रवासवर्णनात आहे. म्हणजे फुटती लाट आणि तिच्यातून जाणारा ओंडका, दोन्हींची नावं इंग्रजीला पंधरावीस वर्षांच्या आत मिळाली. हा निव्वळ योगायोग मला मान्य नाही.

विरोधी पक्ष म्हणतो, ‘सर्फ’ हा ‘सफ’ या घोंघावण्याच्या आवाजाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचाच फेरफार. ‘सफ’ हे रूप १५९०च्या दशकातही सापडतं. असेल. पण कॉर्नवॉलला काय लाटा फुटत नव्हत्या? घरचा शब्द होता तर तो वापरायला हिंदुस्थानपर्यंत का यावं लागलं? मूळ ध्वनी कुठलाही असो, त्याला आजचा अर्थ चिकटला तो आपल्या किनाऱ्यावर, बहुधा किनाऱ्यावरच्याच एखाद्या बोलीच्या आधारानं. पेरूचे लोक टोटोरा गवताच्या होडक्यावर गुडघे टेकून लाट उतरतात आणि सर्फिंगचं मूळ आमचं म्हणतात. आसनापुरता त्यांचा दावा बळकट आहे, शब्दावर मात्र नाही. हवाईची उभी शैली सर्वांना ठाऊक आहे.

मद्रासेचं आसन कुणी कॅलिफोर्नियात नेलं, असं माझं म्हणणं नाही. पण १९६०च्या दशकात सांता बार्बराच्या जॉर्ज ग्रीनोनं नीबोर्डवर, म्हणजे गुडघ्यांवर बसून लाट उतरायच्या फळीवर, तेच वज्रासन घातलं. कारण खवळलेल्या पाण्यात अंगाचा भार खाली ठेवण्याला पर्याय नाही. त्याची फळी चमच्यासारखी पोकळ, मधे लवचिक फायबरग्लासची. तिच्या तळाची फिन टुना माशाच्या शेपटीवरून सुचलेली. पालथं पडून पायांतल्या पंखांनी लाट गाठायची. मागची बाजू उचलली गेली की दोन्ही हात कडांवर दाबून दोन्ही गुडघे एकदम पोटाखाली ओढायचे. एकामागून एक ओढले की फळी कलंडते. मग लाटेकडचा हात कडेवर, वळताना भार मागे नडग्यांवर, वेग हवा असेल तेव्हा पुढे. कुणी गुडघे जोडून बसतो, कुणी फाकवून. ज्याची त्याची ढब इथेच ठरते. बुटकं बसल्यामुळे लाटेच्या पोकळीत, जिथे उभ्या माणसाचं डोकं आपटतं, तिथेही शिरता येतं. ग्रीनोनं तर तिथून चित्रीकरण केलं.

उभे राहणारेही त्याच्याकडेच शिकले. ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगनं १९६६ची जागतिक स्पर्धा जिंकली ती ग्रीनोच्या घडणीची फिन लावलेल्या फळीवर, आणि त्यानंतर लांब फळ्या भराभर आखूड झाल्या. १९६७मध्ये सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसनं दुभंगलेल्या शेपटीची ‘फिश’ फळी केली, तीही गुडघ्यांवर बसण्यासाठीच. आज जगभर तिच्यावर लोक उभे राहतात.