रोबॉट, वेठ आणि अर्भक

परवा आमच्या कारखान्यात वेल्डिंगचा एक रोबॉट मध्येच बंद पडला. मी कंट्रोलरशी झटापट करत होतो, तर शेजारचा चेक सहकारी हसून म्हणाला, "आज त्याने 'रोबोटा' करायला नकार दिलाय." जर्मनीत इतकी वर्षे रोबॉट हाताळतोय, पण या शब्दाच्या मुळाशी कधी गेलो नव्हतो.

चेक भाषेत साध्या कामाला 'प्रात्से' म्हणतात. 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे, थोडक्यात आपली वेठबिगारी. १७७५ साली बोहेमियात कुळांचे बंड झाले, तेव्हा मारिया थेरेसाने ती आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली. ही सवलत बरं का! वेठ कायमची गेली ती १८४८ साली.

१९२० साली कारेल चापेकने 'आर.यू.आर.' हे नाटक लिहिले. त्यातल्या कृत्रिम कामगारांना 'लाबोरी' म्हणावे असे त्याच्या मनात होते, पण ते फार पुस्तकी वाटत होते. त्याचा थोरला भाऊ योसेफ चित्र रंगवत होता. त्याने सुचवले, मग 'रोबॉट' म्हण. (हाच योसेफ १९४५ साली नाझींच्या बेर्गेन-बेल्झेन छावणीत मेला.)

इतर स्लाव भाषांत या शब्दाची धार बोथट झाली. पोलिश 'रोबोटा' आणि रशियन 'राबोता' म्हणजे नुसते काम. पण रशियनमध्ये 'राब' म्हणजे आजही गुलाम. इथे आपले 'राबणे' आठवतेच, पण नुसत्या आवाजावरून नाते जोडू नये. खरे नाते वेगळेच आहे.

या सगळ्यांचे मूळ 'ओर्भ'. त्यातूनच ग्रीकमध्ये 'ओर्फानोस', म्हणजे अनाथ. संस्कृतमध्ये 'अर्भ', म्हणजे लहान, आणि त्यावरून आपला 'अर्भक'! चेकमध्येही तान्ह्या बाळाला 'रोब्ये' म्हणतात आणि रशियनमधला 'रेब्योनोक', म्हणजे मूल, याच घरातला. भाषातज्ज्ञ साखळी अशी लावतात: ज्याचे कुणी नाही ते पोर, मग दुसऱ्याच्या घरी पडेल ते काम करणारे पोर, मग गडी, मग गुलाम.

रोबॉट तासाभरात सुरू झाला. मला मात्र गावाकडच्या स्टँडवरची चहाची टपरी आठवत राहिली. तिथे कप विसळणाऱ्या पोराला सगळे 'छोटू' म्हणायचे. त्याचे खरे नाव मी कधी विचारले नाही.