पेटीचा वनवास

पनवेलच्या आमच्या आळीत भजनी मंडळ होतं. मंडळात पेटी वाजवणारे एक काका होते. साठच्या दशकातली गोष्ट. रात्री रेडिओवर शास्त्रीय गायन लागलं की काका डोळे मिटून ऐकत आणि शेवटी हमखास म्हणत, ‘‘सगळं झकास, पण पेटी कुठाय?’’ सारंगी असे, तबला असे, तंबोरे असत. पेटी मात्र नाही. काकांच्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीचं मूळ परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४० साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायचं हे वाद्य साहेबाबरोबर इकडे आलं आणि पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला बैठकीत मांडी घालून वाजवता येईल असं हाताच्या भात्याचं रूप दिलं. आपल्याकडे तर संगीत रंगभूमीनं पायपेटीला घरचंच करून टाकलं. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते आणि भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला त्यांची साथ असे.

मग बंदी का? पेटीच्या पट्ट्यांचे सूर ठरलेले. दोन सुरांमधली मींड तिच्यातून निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा मुख्य आक्षेप. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीवर टीका केली होती, रवींद्रनाथ टागोरांनाही ती नको होती. लायोनेल फील्डन त्या वेळी आकाशवाणीचे प्रमुख होते. साहेब आणि स्वदेशीचा अभिमानी, दोघांचं या एका बाबतीत एकमत झालं!

या बंदीची झळ कोणाला लागली ते पाहायचं तर अप्पा जळगावकरांचं उदाहरण घ्या. जन्म १९२२, जालना जिल्ह्यातल्या जळगावचा. सुरुवात गाण्यानं, धृपद-धमारानं. पुढे आवाजानं साथ दिली नाही, तेव्हा ते पेटीकडे वळले. बंदी आली तेव्हा अप्पा अठराच्या आसपास होते आणि ती सैल झाली तेव्हा एकोणपन्नासच्या. कलावंताच्या उमेदीची सगळी वर्षं यात गेली. मैफलीत भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरीताई आमोणकर यांच्यामागे अप्पांची पेटी. रेडिओच्या गायनात तिला जागा नाही.

साथ म्हणजे काय, हे गाणाऱ्याला विचारावं. गवई काय गाणार हे आधी ठरलेलं नसतं. त्याची तान निघाली की क्षणभर मागून बोटं तिच्यामागे धावतात. गवई श्वास घेतो तेव्हा सूर तुटू द्यायचा नाही आणि तो पुन्हा गाऊ लागला की भाता हलका करून मागे सरायचं. मींड नाही म्हणता? एक पट्टी सुटायच्या आत दुसरी दाबून आणि भात्याचा जोर कमी-जास्त करून चांगला साथीदार तिचा भास निर्माण करतो. एकल तबल्यात लेहरा धरायचा तर सोळा मात्रांची तीच ओळ अर्धा-पाऊण तास, तसूभरही न ढळता वाजवायची. तबलजी हवा तेवढा भटकून समेवर परत येतो, कारण पेटी जागच्या जागी असते. अप्पांच्या लेहऱ्याचं नाव होतं ते यासाठीच.

१९७१ साली बंदी सैल झाली, तीही साथीपुरती आणि निवडक कलावंतांना. स्वतंत्र वादनाला तेव्हाही परवानगी नव्हती. अप्पांना २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००९ साली पुण्यात ते गेले.

पेटी रेडिओवर परतली तेव्हा आमचे काका थकले होते, पण ऐकत होते. गाणं संपल्यावर निवेदक साथीदारांची नावं सांगतात. बाकीची मंडळी तोवर उठून जेवायला गेलेली असत. काका मात्र पेटीवाल्याचं नाव कानांवर पडल्याशिवाय रेडिओ बंद करू देत नसत. तेवढी सवय त्यांच्याकडून मी उचलली. आपणही उचलावी, एवढंच सांगायचं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)