पोर्तोच्या पदपथावर

२४ ऑगस्ट १९५८. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातले रस्ते त्या दिवशी शर्यतीसाठी बंद होते. बोआव्हिस्ता हा काही खास बांधलेला ट्रॅक नव्हता. समुद्रालगतचा रस्ता, दगडी फरसबंदी, ट्रामचे रूळ आणि कडेला घरे, अशा वाटेवरून फॉर्म्युला वनच्या गाड्या धावत होत्या. व्हॅनवॉल गाडी चालवणारा स्टर्लिंग मॉस पहिला आला. फेरारीचा माइक हॉथॉर्न पाच मिनिटांहून अधिक मागे होता, पण त्याचा नंबर दुसरा होता आणि सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच होती.

शर्यत संपत आली असताना हॉथॉर्नची गाडी गरकन फिरली आणि बंद पडली. इंजिन सुरू होईना. उतारावरून ढकलत, शर्यतीच्या उलट दिशेने नेऊन त्याने ती कशीबशी सुरू केली आणि शर्यत पुरी केली. उलट दिशेने गाडी नेणे नियमाविरुद्ध, म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला अपात्र ठरवले.

तेव्हा हॉथॉर्नच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला तो मॉस. त्या वर्षीच्या विश्वविजेतेपदासाठी त्याची गाठ याच हॉथॉर्नशी होती. हॉथॉर्नची गाडी उलट दिशेने गेली खरी, पण त्या वेळी ती शर्यतीच्या रस्त्यावर नव्हती, पदपथावर होती, असे मॉसने सांगितले. अधिकाऱ्यांनी निर्णय फिरवला. दुसऱ्या क्रमांकाचे ६ आणि वेगवान फेरीचा १, असे ७ गुण हॉथॉर्नच्या खात्यात राहिले.

हे ७ गुण किती मोलाचे होते ते ऑक्टोबरमध्ये कासाब्लांकाला कळले. शेवटची शर्यत मॉसने जिंकली, वेगवान फेरीही त्याचीच. तरी विजेतेपद हॉथॉर्नला मिळाले, ४२ विरुद्ध ४१ गुणांनी. त्या हंगामात मॉसने चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. प्रत्येकाच्या सर्वोत्तम सहा निकालांचेच गुण धरायचे, असा तेव्हाचा नियम होता. पोर्तोचे गुण वगळून हॉथॉर्नची बेरीज केली तर ती ३९ भरते. म्हणजे मॉस नुसता गप्प राहिला असता, तरी जगज्जेता झाला असता. खोटे बोलायचीही गरज नव्हती. मॉसने कारकिर्दीत एकूण १६ ग्रांप्री जिंकल्या, पण विश्वविजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही.

मॉस काही विरक्त माणूस नव्हता. १९५५ ते १९५८ अशी सलग चार वर्षे तो विश्वविजेतेपदाच्या क्रमवारीत दुसरा आला होता आणि ते त्याला सलत होते. पण ट्रॅकवर हरवायचे आणि कागदावर हरवायचे यांत तो फरक करत असे. त्याच्या साक्षीला लोक दिलदारी म्हणतात. तो शब्द अपुरा आहे. पदरचे काही देणे ही दिलदारी. मॉसने जे पाहिले ते सांगितले, आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

पदरचे देणारेही त्या काळात होते. दोन वर्षे आधी, सप्टेंबर १९५६ मध्ये, इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत हुआन मॅन्युएल फांजिओची फेरारी नादुरुस्त होऊन थांबली. तेव्हा एकाची गाडी दुसऱ्याने पुढे चालवण्याची मुभा होती. संघातला इटालियन लुइजी मुसो पिटमध्ये आला, पण त्याने गाडी सोडायला नकार दिला. त्याला का सोडावी वाटेल? घरचे प्रेक्षक, घरची शर्यत. मग पीटर कॉलिन्स आला. चोविशीतल्या या इंग्रज पोराला स्वतःलाही विजेतेपदाची संधी होती. तो गाडीतून उतरला आणि पंचेचाळिशीच्या फांजिओला त्याने आपली जागा दिली. फांजिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा विश्वविजेता झाला. आपल्याला पुढे भरपूर वर्षे आहेत, असा कॉलिन्सचा हिशेब होता. ती वर्षे त्याला मिळाली नाहीत. पोर्तोच्या शर्यतीआधी तीनच आठवडे नुर्बुर्गरिंगला अपघातात तो गेला. त्याच्या आधीच्या महिन्यात रॅन्सला मुसो गेला होता. कॉलिन्स हॉथॉर्नचा जिवलग मित्र. विजेतेपद मिळताच हॉथॉर्नने निवृत्ती जाहीर केली आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडच्या साध्या रस्त्यावर स्वतःची जॅग्वार चालवताना तोही मेला. वय २९.

त्या पिढीच्या वागण्याकडे पाहताना ही मृत्यूंची रांग नजरेआड करून चालत नाही. गाडीत पट्टा नसे. आगीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असे बरेच ड्रायव्हर मानत. उघडी चाके एकमेकांना घासली की गाडी हवेत उडे, आणि मग कोण वाचेल हे नशिबावर. अशा वेळी शेजारच्या गाडीला मुद्दाम धडकणे म्हणजे दोघांची चिता रचणे होते. त्यामुळे ते सगळे सज्जन होते, असे नाही. १९५० चा पहिलावहिला विश्वविजेता जुझेप्पे फारिना महायुद्धाआधीच आडदांडपणासाठी कुप्रसिद्ध होता. १९३६ मध्ये दोव्हिलला मार्सेल लेऊ आणि १९३८ मध्ये त्रिपोलीला लास्लो हार्टमान, हे दोघे फारिनाच्या गाडीशी झालेल्या टकरीत दगावले. निर्दय माणूस तेव्हाही होता. पण बहुतेकांचा हात भीती आवरून धरत होती.

ती भीती पुढे कमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. १९६६ मध्ये स्पाला पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकून पडलेल्या जॅकी स्ट्यूअर्टने सुरक्षेसाठी जी मोहीम चालवली, तिने कित्येक जीव वाचवले. १९८१ मध्ये मॅक्लारेनने कार्बन फायबरचा सांगाडा आणला. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनच्या गाडीचे दोन तुकडे झाले आणि वॉटसन पायी चालत बाहेर आला. आता टक्कर म्हणजे मरणच, असे राहिले नाही. तिचा हिशेब मांडता येऊ लागला.

तो हिशेब सर्वांत उघडपणे मांडला गेला सुझुकाला. १९८९ मध्ये तिथे अ‍ॅलेन प्रोस्ट आणि आयर्टन सेना, दोघेही मॅक्लारेनचे, एकमेकांत अडकले. सेनाने पुन्हा निघून शर्यत जिंकली, पण त्याला अपात्र ठरवले गेले आणि विजेतेपद प्रोस्टला मिळाले. या वेळी पदपथाची साक्ष द्यायला कोणी मॉस नव्हता. सेनाच्या मनात तो सल वर्षभर राहिला. १९९० मध्ये प्रोस्ट फेरारीत होता. सेनाने पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून निघण्याची जागा, मिळवली, पण ती जागा ट्रॅकच्या धुळीच्या बाजूला होती. ती बदलून द्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला. शर्यत सुरू झाली, प्रोस्ट पुढे निघाला आणि पहिल्याच वळणावर सेनाने ब्रेक न लावता त्याच्यावर गाडी घातली. मागून गाड्यांचा पूर्ण ताफा वेगात येत होता. दोघेही सुखरूप उतरले, आणि सेना विश्वविजेता ठरला. हे आपण ठरवून केले, अशी कबुली त्याने वर्षभराने पत्रकारांसमोर दिली. त्याची तक्रार खरी होती, राग समजण्यासारखा होता. पण सूड घेताना त्याने इतरांचे जीवही पणाला लावले, आणि ते समर्थनीय नव्हते.

मायकल शूमाकरने तोच धडा गिरवला. १९९४ मध्ये अ‍ॅडलेडला त्याची आणि डेमन हिलची टक्कर झाली, दोघेही बाद झाले आणि शूमाकर एका गुणाने जगज्जेता बनला. १९९७ मध्ये हेरेसला शेवटच्या शर्यतीआधी त्याच्याकडे पुन्हा एका गुणाची आघाडी होती. जाक व्हिल्नव्ह आतून पुढे सरकला तसे शूमाकरने स्टिअरिंग त्याच्यावर वळवले. या वेळी अडकली ती त्याचीच गाडी. व्हिल्नव्ह तिसरा येऊन विश्वविजेता झाला आणि शूमाकरचे त्या हंगामातले दुसरे स्थान काढून घेण्यात आले. गाडी चालवण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. म्हणूनच हेरेसचे ते वळण जास्त खुपते.

सेनाला मात्र एवढ्यावर मोजून संपवता येत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्पाला सराव चालू असताना एरिक कोमास या फ्रेंच ड्रायव्हरला भीषण अपघात झाला. तो बेशुद्ध, आणि गाडीचे इंजिन चालूच. मागून आलेल्या सेनाने आपली गाडी थांबवली, चालू ट्रॅकवरून तो धावत गेला, कोमासच्या गाडीचे इंजिन बंद केले आणि मदत येईपर्यंत त्याचे डोके धरून बसला. दोन वर्षांपूर्वी सुझुकाला ब्रेक न लावणारा हाच माणूस.

१ मे १९९४ रोजी इमोलाला सेनाची विल्यम्स भिंतीवर आदळली आणि शर्यत थांबवली गेली. गोंधळात कोमासला पिटमधून बाहेर सोडले गेले आणि तो नेमका अपघाताच्या जागी पोचला. गाडीतून उतरून तो उभा राहिला. त्याला करता येण्यासारखे काही उरले नव्हते. थोड्या वेळाने शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा कोमास तीत नव्हता.